घरात घडलेला सिनेमा

रविवारी दुपारी घरी बसून काय बघू, असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून पहिलं नाव निघतं ते ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’चं. परेश मोकाशींचा हा पहिला चित्रपट. २००९ मध्ये तो भारतातर्फे ऑस्करसाठी गेला, त्याचं कौतुकही भरपूर झालं, तरी ‘अगं, तो बघायचा राहिलाच’ म्हणणारी माणसं मला अजून भेटतात. त्यांना मी सांगते, घरीच बघा आणि सगळ्यांना घेऊन बघा. कारण ही गोष्ट मुळात एका घराची आहे.

वरवर पाहता ती दादासाहेब फाळक्यांची. छपाईच्या धंद्यातली भागीदारी सोडलेला, चाळिशीतला एक माणूस तंबूत सिनेमा बघतो, पडद्यावरचा येशू ख्रिस्त बघून भारून जातो, लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन येतो आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे ठेवतो. एवढं आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. मोकाशी त्या धड्यातल्या माणसाला उचलतात आणि त्याच्या बायकोपोरांत आणून बसवतात. नंदू माधव यांचे फाळके सतत कुठल्यातरी नादात असतात, पण त्या नादात ते घराला विसरत नाहीत. सिनेमाचं वेड लागल्यावर ते मुलालाही तंबूत घेऊन जातात. आनंद एकट्याने खायचा नाही, हा या माणसाचा स्वभाव पहिल्या काही प्रसंगांतच कळतो.

सिनेमासाठी पैसा उभा करायचा म्हणून घरातलं सामान विकलं जाऊ लागतं. कपाट जातं, भांडीकुंडी जातात. मराठी पडद्यावर अशा वेळी काय होतं, ते आपल्याला पाठ आहे : बायको पदर डोळ्यांना लावते, सारंगी वाजू लागते. इथे तसलं काहीच होत नाही. माणसं वस्तूंना निरोप देतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा आपल्या कामाला लागतात. सिनेमा डोळ्यांपुढून हलत नसताना डोळ्यांनीच दगा द्यायची वेळ येते, तो भागही दिग्दर्शकाने याच हलक्या हाताने हाताळला आहे. दुःख लपवलेलं नाही. त्याला घरात राहायला जागा दिली आहे, घराचा ताबा मात्र दिलेला नाही.

माझा सगळ्यात आवडता भाग वाटाण्याच्या रोपाचा. हा माणूस खरंच काही करून दाखवेल, याची खात्री भांडवल देणाऱ्याला हवी असते. फाळके कुंडीत वाटाणा पेरतात आणि कॅमेरा समोर ठेवून रोज थोडं थोडं चित्रण करत राहतात. मग कोंब जमिनीतून वर येऊन बघता बघता वेल होतो. आपल्याकडच्या सिनेमाच्या पहिल्या धड्यांपैकी हा एक, आणि त्याचा नायक आहे स्वयंपाकघरातला एक दाणा. मी हा चित्रपट आईबरोबर बघितला तेव्हा ती परातीत मटार सोलत बसली होती. रोप वर येताना तिचा हात थांबला. थोड्या वेळाने ती म्हणाली, “रोज त्याच जागी बसून बघत राहायचं, काय धीर असेल गं!” रसग्रहण म्हणून याहून नेमकं मला काही लिहिता येणार नाही.

या धीराचा निम्मा वाटा फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा. विभावरी देशपांडे यांनी त्या फार गोड आणि ठाम उभ्या केल्या आहेत. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, शिवाय मंडळींची जेवणं ही सगळी कामं खऱ्या सरस्वतीबाईंनी केली होती. पडद्यावर त्यांचा त्याग कुणी मोठ्याने सांगत नाही. त्या शिकतात, विचारतात, हसतात, आणि नवऱ्याच्या कामात त्यांचंही काम कधी मिसळून गेलं, ते आपल्याला कळतही नाही.

मग येते ती नटमंडळी. तारामतीसाठी बाई मिळेना, अगदी वेश्यावस्तीतूनही मिळेना, तेव्हा खानावळीत काम करणारे साळुंके उभे राहतात. मिशा काढायच्या कशा, यावर पुरुषांची घालमेल होते, कारण वडील हयात असताना मिशा उतरवणं अशुभ. लुगड्याची सवय व्हावी म्हणून हे गडी लुगडी नेसून घरकामाला लागतात. आपण पोट धरून हसतो, आणि हसतानाच लक्षात येतं की दिग्दर्शक या माणसांना हसत नाही. सिनेमात काम करतो म्हणणं कमीपणाचं होतं, म्हणून ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे’ असं सांगायची त्यांना सूचना होती. नावातल्या त्या ‘फॅक्टरी’त एका काळाची लाज आहे, आणि ती पुसणारा कष्टाचा अभिमानही आहे.

दिग्दर्शनाचं एक वैशिष्ट्य घरच्या पडद्यावर जास्त उठून दिसतं. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी स्थिर असतो. नाटकातल्यासारखी माणसं चौकटीत येतात, आपलं काम करतात, निघून जातात. मोकाशी रंगभूमीवरून आलेले, पण ही नुसती सवय नव्हे. ज्या काळाची गोष्ट आहे त्या काळचा कॅमेराही असाच एका जागी उभा राहून बघत असे. आनंद मोडक यांचं संगीतही प्रसंगाला ढकलत नाही, त्याच्या बरोबरीने चालतं.

फाळक्यांचं पुढचं आयुष्य सोपं नव्हतं. १९४४ मध्ये नाशिकला ते गेले, तेव्हा ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला तो त्यांना मागे टाकून कधीच पुढे निघून गेला होता. मोकाशी त्या वाटेला जात नाहीत. उमेदीच्या वर्षांतच ते आपला निरोप घेतात. माणसाची आठवण त्याच्या शेवटावरूनच का ठेवायची, असं जणू ते विचारतात, आणि मला ते मनापासून पटतं.

गेल्या दिवाळीत भाच्यांना हा चित्रपट लावून दिला. मध्येच धाकटीने विचारलं, “मावशी, यांचं कपाट परत कधी येणार?” मी म्हटलं, पुढे बघ. शेवटी ‘राजा हरिश्चंद्र’ बघायला लोकांची झुंबड उडाली आणि ती टाळ्या वाजवत उठली. कपाटाचं तिने पुन्हा विचारलं नाही.