मुक्या पट्ट्या

पेटीचा वाद महाराष्ट्रास नवा नाहीं. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला आपल्या दारांतून परत पाठविलें, व तें दार पुन्हां किलकिलें होण्यास सुमारें तीन दशकें लागलीं. आक्षेप मुख्यतः दोन होते. पेटीचे बारा स्वर समान अंतरांवर ठोकून बसविलेले, आणि एका पट्टीवरून दुसरीवर उडीच मारावी लागत असल्यामुळें मींड अशक्य. दोन्ही आक्षेप यथार्थ होते. अर्ध्या स्वराचे १०० भाग कल्पिले, तर षड्जाशीं एकजीव होणाऱ्या शुद्ध गांधाराहून पेटीचा गांधार सुमारें १४ भागांनीं चढा राहतो. हा दोष काढण्यासाठीं कृष्णाजी बल्लाळ देवल व क्लेमंट्स यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं श्रुतींची पेटी सिद्ध करण्याचा खटाटोप केला. गोविंदराव टेंब्यांनीं दोष तसाच राहूं देऊन केवळ बोटांच्या कसबानें त्यावर मात केली.

तोच वाद आज अंधेरी-मुलुंडच्या सदनिकांत नव्या रूपानें शिरला आहे. नवी पेटी म्हणजे मिडी कीबोर्ड. पट्ट्या ओळखीच्या, काळ्या-पांढऱ्या; पण मुक्या. ना भाता, ना रीड. निरनिराळ्या कारखान्यांच्या वाद्यांस परस्परांशीं बोलतां यावें म्हणून १९८३ मध्यें जी सांकेतिक भाषा प्रचारांत आली, तींत ही पेटी संगणकास मुख्यतः एवढेंच कळविते कीं अमुक पट्टी दाबली, अमुक जोरानें. जोराचें माप १ पासून १२७ पर्यंत. नाद काढतें तें संगणकांतील वाद्य. सारंगी म्हणाल तर सारंगी, पन्नास व्हायोलिनें म्हणाल तर तींही.

अंधेरीस एका स्नेह्यांच्या घरीं त्यांच्या मुलानें आम्हांस या पेटीवर यमन ऐकविला. नाद सारंगीचा खरा. परंतु प्रत्येक स्वर मण्यासारखा सुटा, आणि यमनाचा प्राण जो गांधार, तो तसाच चढा. सारंगीचें सोंग घेतलेली पेटीच ती! आम्हीं तसें बोलून दाखविलें. मुलगा रागावला नाहीं. त्यानें संगणकांतील स्वरांच्या कोष्टकांत गांधार उतरविला. मग पेटीच्या डाव्या बाजूचें चाक फिरवून मींड घेऊं लागला. तें चाक स्वरास मुळांत दोनच अर्धस्वर सरकवीत होतें. त्यानें ती मर्यादा वाढविली. प्रथम सारंगीबरोबर तंबोराही घसरला, कारण दोहोंचा मार्ग एकच होता. तंबोऱ्यास निराळा मार्ग देतांच तो स्थिर झाला. तासाभरानें आम्हीं जें ऐकिलें त्यास सारंगी म्हणवत नाहीं, पण यमन म्हणणें भाग आहे.

त्या एका तासांत आमचें मत पालटलें. पेटीचा दोष पितळेंत खिळलेला होता. वादक त्यापुढें लाचार होता. येथें इलाज बोटाशीं आहे. तो न करणें हा दोष वाद्याचा नव्हे, कानाचा. आमच्या कानीं येणाऱ्या पुष्कळशा घरगुती ध्वनिमुद्रणांत गांधार कारखान्यांतून आला तसाच असतो, आणि तबल्याचा प्रत्येक आघात यंत्राच्या रेघेवर ओढून बसविलेला असतो. असा ठेका चुकत नाहीं, पण डोलतही नाहीं.

कोणी म्हणतील, या पेटीनें वादकांच्या पोटावर पाय दिला. ही तक्रार थट्टेवारी नेण्याजोगी नाहीं. परंतु सर्व यंत्रें हाताशीं असूनही अजय-अतुल यांनीं २०१६ च्या ‘सैराट’साठीं हॉलीवूडमध्यें हाडामांसाच्या वादकांचा वृंद वाजवून घेतला, हेंही विसरूं नये. जेथें ती ऐपत नाहीं, त्या मुलुंडच्या एका खोलींतील मुलास ही पेटी म्हणजे पाटी आहे. पाटीवर गिरवावें, पुसावें, पुन्हां गिरवावें. मात्र पाटीलाच कोणी पोथी समजूं नये.

आईबापांस आमची एकच विनंती आहे. मुलास ही पेटी अवश्य घेऊन द्यावी. परंतु तिच्याआधीं, निदान तिच्याबरोबर, त्यास चार महिने तंबोऱ्यापाशीं बसवावें. ज्यानें खरा गांधार एकदां ओळखला, त्यास चढा गांधार खुपेल. आणि खुपला म्हणजे तो उतरविण्याची कळ कोणी न सांगतां तो आपणच शोधून काढील.