‘पाठलाग’ आणि संभाव्यतेचा प्रश्न

राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) या चित्रपटाविषयीं एक आक्षेप वारंवार ऐकूं येतो. सारें रहस्य अखेर जुळ्या बहिणीवर येऊन थांबतें, ही प्रेक्षकाची फसवणूक नव्हे काय, असें पुसलें जातें. आम्हांस हा आक्षेप निम्माच मान्य आहे.

पत्नी पतीच्या डोळ्यांदेखत मरण पावते. पुढें दरोडेखोरांच्या टोळींतील म्हणून धरलेली एक स्त्री ‘मीच ती’ म्हणून उभी राहते. येथेंच उत्तरें दोन उरतात : ही तोतया आहे, किंवा मेली ती दुसरी होती. म्हणजे जुळी बहीण आकाशांतून पडत नाहीं. ती पहिल्या प्रसंगाच्या पोटांतच असते. निर्वहणांत अद्भुत रस असावा, असें भरतमुनींनींही सांगून ठेविलें आहे. शिवाय ज्या पुण्यानें सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचें प्रकरण पाहिलें, त्यानें तरी अशा साम्यास हंसूं नये. त्या तोतयाच्या हातीं कोंकणांतील किल्ले गेले; १७७६ सालीं त्यास देहान्त शासन झालें, तेव्हां कोठें तें बंड शमलें. केळकरांनीं त्यावर नाटकच लिहिलें.

याच कथेवर राज खोसला यांनीं १९६६ सालीं ‘मेरा साया’ काढला. त्यांत वकील पती स्वतःच तिची उलटतपासणी घेतो. ज्यानें साक्षीस उभें राहावयाचें त्यानेंच प्रश्न विचारावयाचे! ही सवलत आम्ही खुशाल देऊं. तिच्यावांचून दोघें समोरासमोर येतीलच कशीं? बोटांच्या ठशांचें मात्र अवघड आहे. जुळ्यांचेही ठसे भिन्न असतात, आणि ठशांची कचेरी कलकत्त्यास १८९७ सालींच निघाली होती. घरांतल्या एखाद्या आरशावरून खटला निकालांत निघता.

तथापि आमचा खरा आक्षेप त्या स्त्रीच्या मौनावर आहे. आपण ‘मेलों’ असें ऐकतांच बहिणीचें काय झालें तें तिनें ओळखावयास हवें. तरी ती अखेरपर्यंत बोलत नाहीं. कुळाची लाज म्हणावी, तर तुरुंगाच्या दारांत ती कितपत टिकते? योगायोग कथेचा असतो, तो क्षम्य. हें मौन केवळ आम्हां प्रेक्षकांच्या सोयीचें आहे. तें झांकलें जातें तें माडगूळकरांच्या गीतानें, डावजेकरांच्या चालीनें आणि आशा भोसले यांच्या स्वरानें. तो स्वर कानीं असेतों बहिणीची आठवण कोणासच होत नाहीं. ती होते थिएटरच्या पायऱ्या उतरतांना.