‘शून्य’ आणि ‘आढळले नाही’ : अंगणवाडीत न दिसणाऱ्या मुलांवरचा एक प्रबंध

पेट पास झालात की मुलाखत, आणि मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न : तुमची रिसर्च गॅप काय? बहुतेक जण ठोकून देतात, ‘या विषयावर आपल्याकडे काम झालेलं नाही.’ हे उत्तर फसवं आहे. काम तर कशावरही झालेलं नसू शकतं. गॅप कशी सापडते हे बघायचं असेल तर मिथू अलूर यांचा प्रबंध समोर घ्या. ‘इनव्हिजिबल चिल्ड्रन : अ स्टडी ऑफ पॉलिसी एक्सक्लूजन’, लंडन विद्यापीठाचं इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन, १९९९. मी स्वतः सायन्सवाली, शिक्षणशास्त्र माझा प्रांत नाही. तरीही प्रश्न कसा विचारावा हे मला इथे जितकं स्पष्ट दिसलं, तितकं आमच्या मेथडॉलॉजीच्या कोर्सवर्कमध्ये दिसलं नव्हतं.

थोडी पार्श्वभूमी. अलूर यांच्या मुलीला, मालिनी चिब यांना, सेरेब्रल पाल्सी आहे. १९७२ मध्ये अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली (आजची ‘अडॅप्ट’). म्हणजे वेगळी, विशेष शाळा उभी करण्यात त्यांची दोन-अडीच दशकं गेली. अशा माणसाचा प्रबंध कशावर असेल असं तुम्हाला वाटतं? विशेष शाळांची गरज, पालकांची मानसिकता, समाजातले गैरसमज, असंच काहीतरी. त्यांनी यातलं काहीच मध्यभागी ठेवलं नाही. त्यांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना घेतली, जी आपण रोज ‘अंगणवाडी’ या नावाने ओळखतो. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेली, सहा वर्षांखालच्या मुलांची देशातली सर्वांत मोठी योजना. योजना सर्व मुलांसाठी आहे, तर अपंग मुलं तिच्यात का नाहीत?

बदल कुठे झाला ते बघा. ‘अपंग मुलं शाळेत का येत नाहीत’ असं विचारलं की अभ्यासाचा विषय मूल होतं, फार तर त्याची आई होते. ‘धोरणातल्या सर्व या शब्दात कोण बसत नाही’ असं विचारलं की अभ्यासाचा विषय धोरण होतं. सूक्ष्मदर्शक तोच, काचपट्टी बदलली. याच कामावरून २००२ मध्ये आलेल्या त्यांच्या एका पेपरचं शीर्षक ‘दे डिड नॉट फिगर’ असं आहे : ती मुलं हिशेबातच नव्हती. कुणी ठरवून बाहेर काढलं नाही, कुणाच्या डोक्यातच आली नाहीत. माझ्या मते प्रबंधाचं खरं योगदान हेच आहे. वगळण्यासाठी वाईट हेतू लागत नाही, कोरा रकाना पुरतो.

आता प्रयोगशाळेतली एक सवय सांगते. पाण्याच्या नमुन्यात शिसं सापडलं नाही तर आपण रिपोर्टमध्ये ‘शून्य’ लिहीत नाही. ‘आढळले नाही’ लिहितो आणि शेजारी उपकरणाची शोधमर्यादा देतो. अंगणवाडीच्या नोंदवहीत दिव्यांग मुलांसमोर ० असेल तेव्हा शोधमर्यादा कोण लिहितो? २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात २०.४२ लाख दिव्यांग मुलं नोंदली गेली, त्या वयाच्या एकूण मुलांच्या १.२४ टक्के. सगळ्या लोकसंख्येत हे प्रमाण २.२१ टक्के आहे. यातला काही फरक खरा आहे, कारण वयाबरोबर अपंगत्व वाढतंच. पण इथलं उपकरण म्हणजे दारात उभा राहून कुटुंबाला प्रश्न विचारणारा प्रगणक. दोन वर्षांचं मूल बोलत नाही याला घरात ‘बोलेल हळूहळू, त्याचा बापही उशिरा बोलला’ हे उत्तर तयार असतं.

याच्या शेजारी २०१८ चा, ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये आलेला इन्क्लेन गटाचा अभ्यास ठेवा. पाच ठिकाणी, त्यात एक उत्तर गोवा, मुलांची प्रत्यक्ष तपासणी झाली. दोन ते सहा वर्षांच्या मुलांमध्ये मज्जाविकासाशी निगडित सात विकारांपैकी किमान एक असण्याचं प्रमाण ठिकाणानुसार २.९ ते १८.७ टक्के निघालं. लगेच वजाबाकी करायला बसू नका! व्याख्या वेगळ्या, वयोगट वेगळे, आणि विकार म्हणजे जनगणनेतलं अपंगत्व नव्हे. पण सर्वांत कमी आकडासुद्धा १.२४ च्या दुपटीहून मोठा आहे, एवढं तरी म्हणता येतं.

कायद्यातही गंमत आहे (गंमत कसली म्हणा). शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ चा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मोफत शिक्षणाचा हक्क देतो तो ६ ते १८ ला. त्याच कायद्यात आरोग्याच्या कलमात मात्र सर्व मुलांची वर्षातून एकदा तपासणी करायला सांगितलंय. म्हणजे सहा वर्षांपर्यंत ते मूल मुख्यतः तपासायचं, आणि सहाव्या वाढदिवसाला अचानक शिकायचं.

इथवर अलूर यांच्याशी मी सहमत. अडचण पुढे आहे. धोरण हे एकक धरलं की उपायही धोरणातच शोधला जातो : वगळलं आहे ना, मग शब्द घाला. शब्द घातले गेलेही. २८ नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला. लवकर ओळख, समावेश आणि कुटुंबाला बळ, मग पुढे पाठवणी, अशा त्याच्या तीन पायऱ्या. कागद चांगला आहे, मी नावं ठेवणार नाही. पण आठवडाभरात, ४ डिसेंबरपासून, महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका-मदतनीस मानधन, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनसाठी बेमुदत संपावर गेल्या. संप जानेवारी संपत येईपर्यंत चालला. धोरणाच्या वाक्यात जी कर्ता आहे, ती स्वतः त्या धोरणाच्या हिशेबात कितपत आहे? ‘दे डिड नॉट फिगर’ हे शीर्षक तिलाही लागू पडतं.

आणि तिची खोली. घाटकोपरच्या रमाबाई नगरात किंवा मुलुंडच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत जाऊन या. भाड्याची खोली, दाराशी उंच पायरी, आत खाऊची पातेली, वजनकाटा, रजिस्टरं आणि वीस-पंचवीस मुलं. तिथे व्हीलचेअर वळवायची कशी हे कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही.

तिसऱ्या पायरीचं, पाठवणीचं, गणित वेगळंच. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत २०२१ पासून सर्व प्रकारच्या अपंगत्वासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. सोय मोलाची. पण मुलुंडहून निघालेली आई मूल कडेवर घेऊन दादरला गाडी बदलणार, वांद्र्याला उतरून रिक्षा करणार, आणि त्या दिवसाची घरकामाची खाडी पडणार. एकदा जाईल. दर आठवड्याला? नोंदीत मात्र ‘पाठवले’ असं एकदा आलं की काम झालं. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला नेमकं उलट केलं होतं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी थेट कुरणात. अंगणवाडी हा शब्दच त्या विचारातून आला. मूल हलवायचं की शाळा, हा समावेशनाचा सगळा वाद त्या एका शब्दात आधीच होता.

तर तुमच्यापैकी कुणी या विषयावर सिनॉप्सिस लिहीत असेल, तर ‘सेविकांचा दृष्टिकोन : एक अभ्यास’ असली प्रश्नावली कृपा करून नको. पाच पर्यायांच्या मापपट्टीवर सगळ्या सेविका ‘पूर्णतः सहमत’वर टिक करतात, कारण प्रश्न विचारणारा वरून आलेला वाटतो. किती मुलं ओळखली आणि किती पाठवली हेही मोजू नका, ते कुणीतरी मोजतंच आहे. खोलीत बसा. गाणं सुरू झाल्यावर ते मूल गोलात आहे की दाराशी आईच्या मांडीवर, शेजारचं मूल त्याच्या हातात ठोकळा देतं का, याची दर पाच मिनिटांनी एक नोंद, निदान वीस दिवस. दोन निरीक्षक ठेवा, नाहीतर व्हायव्हात विश्वसनीयतेवरून धुतले जाल. नमुना लहान असेल, चालेल. एथिक्स कमिटीच्या फॉर्मला मात्र आत्तापासून लागा, आणि संमतीपत्र आईला वाचून दाखवता येईल अशा मराठीत आणि हिंदीत लिहा. आमच्याकडे या एका कागदावर दोन महिने जातात.