शब्दांची मालकी आणि भूमिकाखेळांचा व्यापार

व्यापारातील स्पर्धा सामान्यतः मालाच्या गुणाची, किमतीची अथवा विक्रीच्या सोयीची असते. मेजाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळांच्या व्यवसायात मात्र ती फार मोठ्या प्रमाणात शब्दांची स्पर्धा झालेली दिसते. या खेळात प्रत्येक जण एका कल्पित पात्राची भूमिका घेतो, एक सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो, आणि संवादातून घडत जाणाऱ्या कथेला फाशांचे दान व छापील नियम वळण देतात. खेळाचे मुख्य साहित्य भाषा हेच असल्याने त्याच्या व्यापाराचा विचार केवळ अर्थशास्त्राकडे सोपवून चालणार नाही.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातून प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी ‘टनेल्स अँड ट्रोल्स’, १९७७ मध्ये ‘ट्रॅव्हलर’ आणि १९७८ मध्ये ‘रूनक्वेस्ट’ हे खेळ बाजारात आले. कायद्याने त्यांना अडविले नाही. कारण अमेरिकन कायद्यात खेळाच्या पद्धतीवर स्वामित्वहक्क मिळत नाही, तो मिळतो ती पद्धत मांडणाऱ्या शब्दरचनेवर. नावांच्या बाबतीत मात्र सावधगिरी बाळगावी लागे. टोल्कीनच्या साहित्याच्या हक्कधारकांनी आक्षेप घेतल्यावर ‘हॉबिट’चा ‘हाफलिंग’ आणि ‘एंट’चा ‘ट्रीअंट’ झाला. नियम कोणाचेच नव्हेत, नावे मात्र कोणाची तरी, ही या व्यवसायाची मूळ विसंगती होय.

या विसंगतीतून मार्ग काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न २००० मध्ये झाला. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशनसंस्थेने तिसऱ्या आवृत्तीबरोबर ‘ओपन गेम लायसन्स’ हा परवाना काढला. त्याचे प्रमुख पुरस्कर्ते रायन डान्सी यांची मीमांसा अशी, की खेळाचे खरे मूल्य तो जाणणाऱ्या लोकांच्या जाळ्यात असते. इतरांनी त्याच नियमांवर साहसकथा रचल्या, तर मूळ नियमग्रंथाचाच खप वाढेल. भाषेच्या अभ्यासकाला हा युक्तिवाद परिचित वाटेल, कारण बोलणारे वाढले की भाषेचे मोलही वाढते. तथापि ही उदारता सरसकट नव्हती. ‘बिहोल्डर’, ‘माइंड फ्लेअर’ इत्यादी नावे राखीव ठेवण्यात आली. संस्कृतातून तेथे पोचलेला ‘राक्षस’ खुल्या भागात राहिला. जे सर्वांकडून घेतले ते राखून ठेवता येत नाही, एवढे यावरून दिसते.

परिणाम अपेक्षेहून निराळा झाला. २००८ मध्ये चौथी आवृत्ती अधिक कडक परवान्यासह निघाली, तेव्हा पायझो या संस्थेने जुन्याच परवान्याच्या आधारे २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ प्रसिद्ध केला. अमेरिकेतील छंदवस्तूंच्या दुकानांच्या विक्रीक्रमात तो काही काळ मूळ खेळाच्या पुढेही गेला. उसनी दिलेली भाषा उसनवाराच्या तोंडी अधिक शोभू लागली, असा हा प्रकार होता.

जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. साडेसात लाख डॉलरांपुढील उत्पन्नावर सामान्यतः २५ टक्के हिस्सा आणि जुन्या परवान्याची मान्यता काढून घेणे, ही त्यातील मुख्य कलमे. वादाचे मर्म शुद्ध अर्थविचाराचे होते. जुन्या परवान्यात ‘पर्पेच्युअल’, म्हणजे निरवधी, हे विशेषण होते. ‘इर्रिव्होकेबल’, म्हणजे रद्द न होणारा, हे नव्हते. शिवाय कोणतीही ‘ऑथराइज्ड’ आवृत्ती वापरावी, असे त्यात म्हटले होते. जे मान्य केले जाते ते अमान्यही करता येते, हा अर्थ त्या कृदंतातून काढण्यात आला. वास्तविक नवी आवृत्ती पसंत न पडल्यास जुनी वापरावी, असे स्पष्टीकरण प्रकाशकांनीच पूर्वी दिले होते. कोशातील अर्थाविरुद्ध दोन दशकांचा व्यवहार उभा राहिला, आणि वापरणाऱ्यांच्या रोषापुढे प्रकाशकांना माघार घ्यावी लागली. २७ जानेवारी रोजी त्यांनी नियमांचा मूलभूत पाठ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला केला.

याहून उद्बोधक ठरते ती पायझोची कृती. ‘ओआरसी’ हा स्वतंत्र परवाना पुरस्कारून तिने नोव्हेंबर २०२३ पासून ‘पाथफाइंडर’चा सुधारित पाठ काढला. त्यात ‘मॅजिक मिसाइल’चे ‘फोर्स बराज’ आणि ‘फ्लॅट-फूटेड’चे ‘ऑफ-गार्ड’ झाले. असे सुटे शब्द बदलूनही खेळ अडला नाही. संज्ञेचे मूल्य तिच्या ध्वनीत नसून व्यवस्थेतील स्थानात असते, हे सोस्यूरचे तत्त्व येथे व्यवहारात उतरलेले दिसते. परंतु सत्प्रवृत्त व दुष्प्रवृत्त, नियमनिष्ठ व स्वैर या दोन विरोधांतून बनलेली नऊ स्वभावप्रकारांची चौकट अशी नुसत्या पर्यायाने बदलता येईना; ती समूळ काढावी लागली. पात्रांच्या नीतीचे वर्णन त्यामुळे विधी व निषेध यांच्या रूपात आले. सुटा शब्द परत करता येतो. शब्दांची व्यवस्था परत करताना विचाराची रीतच बदलावी लागते.

२०२३ चा प्रसंग खुलेपणाचा विजय म्हणून गौरविला जातो. हा गौरव अर्धाच खरा आहे. जे पुष्कळांच्या वापराने सामाईक झाले होते, ते सामाईक ठरण्यासाठी अखेर मालकाच्याच संमतीची मोहोर लागली. वापराने शब्दावर हक्क निर्माण होतो, हे भाषेच्या इतिहासात सिद्ध असले, तरी या व्यापारात ते अद्याप सिद्ध झालेले नाही. स्पर्धकांनी आपली परिभाषा आपणच घडविणे हा मार्ग कष्टाचा आणि रूढ संज्ञांना सरावलेल्या खेळाडूस त्रासाचा आहे. तथापि परक्या शब्दसंपत्तीवर उभारलेल्या वाढीला स्थैर्य देणारा दुसरा मार्ग या पन्नास वर्षांच्या इतिहासातून तरी दिसत नाही.