‘तीस’चा नियम आणि जेकब कोहेन

एम.एड.च्या लघुशोधप्रबंधांत एक वाक्य हमखास आढळते. ‘प्रायोगिक व नियंत्रित गटांच्या सरासरी प्राप्तांकांत ०.०५ स्तरावर सार्थक फरक आढळला नाही, सबब शून्य परिकल्पना स्वीकारण्यात येत आहे.’ मार्गदर्शकांना हे वाक्य खटकत नाही, परीक्षकांनाही नाही. आम्हीही ते अनेकदा काही न बोलता वाचून सोडले आहे. जेकब कोहेन यांचे लेखन वाचल्यावर मात्र ते जमेनासे झाले.

कोहेन (१९२३–१९९८) न्यूयॉर्कचे. १९५० साली त्यांनी चिकित्सा मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात अध्यापन केले. मानसशास्त्रज्ञ संख्याशास्त्र कसे वापरतात आणि कसे वापरायला हवे, हाच त्यांच्या आयुष्याचा विषय झाला. दोन परीक्षकांच्या मतांतला मेळ, त्यातला योगायोगाचा भाग वजा करून मोजणारा ‘कप्पा’ हा गुणांक (१९६०) त्यांचाच. येथे आपण पाहणार आहोत ते त्यांचे त्याहून वादाचे काम.

१९९० साली कोहेन यांनी आपल्या कारकिर्दीकडे मागे वळून पाहणारा एक लेख लिहिला. त्यात ते सांगतात की, महायुद्धानंतर शिकत असताना प्रबंधासाठी प्रत्येक गटात ३० जण घ्यावेत, असा नियम त्यांना शिकवला गेला होता. (हा नियम आपल्याकडेही सुखरूप पोचलेला आहे. ‘अ’ तुकडीतले तीस, ‘ब’ तुकडीतले तीस.) पुढे त्यांनी हिशेब करून पाहिला. समजा, दोन गटांत खरोखरच फरक आहे आणि तो अर्ध्या प्रमाण विचलनाइतका, म्हणजे बऱ्यापैकी आहे. मग तीस-तीस जणांवर टी-चाचणी लावली असता तो ०.०५ स्तरावर ‘सार्थक’ ठरण्याची संभाव्यता किती? फक्त ०.४७. वर्षभर राबण्यापेक्षा नाणे उडवले असते तरी चालले असते!

खरोखर असलेला फरक पकडण्याच्या या संभाव्यतेला आपण चाचणीची ताकद म्हणू. ढगाळ रात्री ध्रुवतारा दिसला नाही, म्हणून तो आकाशात नाहीच, असे कोणी वहीत लिहीत नाही. आधी आपण ढग पाहतो. वरच्या प्रबंधातले वाक्य ढग न पाहता लिहिलेले आहे. अर्ध्या प्रमाण विचलनाचा फरक पाचांपैकी चार वेळा तरी पकडायचा, तर प्रत्येक गटात ६४ विद्यार्थी लागतात. फरक एक पंचमांश प्रमाण विचलनाचा असेल, तर जवळजवळ चारशे.

मानसशास्त्राच्या एका नामवंत अमेरिकन नियतकालिकातले १९६० सालचे ७० लेख कोहेन यांनी १९६२ मध्ये याच दृष्टीने तपासले. मध्यम फरकासाठी सरासरी ताकद निघाली ०.४८. मग १९६९ साली त्यांनी कोष्टकांसह एक मोठे पुस्तकच लिहिले. नमुना किती घ्यावा हे कोणीही कोष्टकात बोट ठेवून पाहावे, अशी सोय झाली. उपयोग किती झाला? त्याच नियतकालिकाच्या परंपरेतला १९८४ सालचा अंक-संच १९८९ मध्ये इतरांनी तपासला, तर परिस्थिती सुधारलेली नव्हती, आणि ६४ प्रयोगांपैकी केवळ दोनांत ताकदीचा उल्लेख होता. पुढे २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल आला. मुळात ९७ टक्के निष्कर्ष सार्थक होते, पुनरावृत्तीत ३६ टक्केच तसे निघाले. दुबळ्या चाचण्या आणि त्यातले ‘सार्थक’ तेवढेच छापायचे, ही त्यामागच्या कारणांतली मोठी कारणे.

इथवर आम्ही कोहेन यांच्या बाजूचे आहोत. पण एक दोष त्यांच्याही पदरी घालावा लागेल. फरक लहान, मध्यम की मोठा हे ठरवण्यासाठी त्यांनी ०.२, ०.५ आणि ०.८ असे आकडे दिले. हे आकडे काही निसर्गाने दिलेले नाहीत. १९६२ च्या लेखात त्यांनी स्वतःच ०.२५, ०.५ आणि १ असे धरले होते. दुसरे काही हाताशी नसेल तरच हे वापरा, असा इशारा त्यांनी दिला खरा. पण कोष्टक हातात दिल्यावर इशारा कोण वाचतो? ज्यांनी ०.०५ ची पूजा मोडू पाहिली, त्यांच्याच ०.५ ची पूजा सुरू झाली. वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी एखादी पद्धत फुकटात आणि रोज वापरता येत असेल, तर ‘लहान’ परिणामही मोलाचा आहे. हे ठरवणार वर्गातला शिक्षक, कोष्टक नव्हे.

शाळेत आणखी एक अडचण आहे. ही कोष्टके प्रत्येक प्राप्तांक स्वतंत्र आहे असे गृहीत धरतात. एका तुकडीतली मुले एकाच शिक्षकाकडे, एकाच खोलीत, एकमेकांचे पाहून शिकतात. मग तीसऐवजी ६४ घेऊनही, दोन तुकड्यांची तुलना ही पुष्कळशी दोन शिक्षकांचीच तुलना राहते.

१९९४ च्या लेखाचे नावच मोठे खोचक आहे: ‘पृथ्वी गोल आहे (पी < ०.०५)’. त्यात त्यांनी एका तर्कदोषावर बोट ठेवले. त्यांचे उदाहरण अमेरिकन काँग्रेसचे, आपण आपले घेऊ. भारतीय माणूस बहुधा खासदार नसतो. अमुक बाई खासदार आहेत. म्हणून त्या बहुधा भारतीय नाहीत! ‘शून्य परिकल्पना खरी असती तर असे आकडे क्वचितच मिळाले असते, म्हणून ती बहुधा खोटी’ हा युक्तिवाद याच जातीचा आहे. मग करायचे काय? जादूचा पर्याय शोधू नका, असे ते बजावतात. फरक किती आहे आणि तो किती अनिश्चित आहे ते लिहा. आणि प्रयोग पुन्हा करा.

काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका आमच्याकडे आकडेमोड तपासून घ्यायला आल्या होत्या. अपूर्णांक शिकवण्याची स्वतःची एक रीत त्यांनी बसवली होती. तीस-तीस मुले, ५० गुणांची चाचणी, सरासरीत ३.५ गुणांचा फरक, प्रमाण विचलन ८. टी आला १.६९, हवा होता २. ‘सार्थक नाही असे लिहा,’ आम्ही सांगितले. त्यांनी लिहिले, आणि पुढच्या वर्षी ती रीत सोडून दिली. आज तोच कागद काढला तर ९५ टक्के विश्वास अंतराल उणे ०.६ ते अधिक ७.६ गुण येते. नुकसान झालेच तर अगदी किरकोळ, फायदा कदाचित सात गुणांचा. त्या कागदावर ‘परिणाम नाही’ असे कुठेच लिहिलेले नव्हते. लिहायचे होते ते एवढेच, की आणखी दोन-तीन शाळांत करून पाहा.