कुंडीतली माती आणि रानातला वाफसा

अतिवृष्टीनंतर जमीन कशी सुधारायची, यावरचे पेपर वाचायला घेतलेत ना? मग निष्कर्ष राहू द्या, आधी ‘मटेरियल्स अँड मेथड्स’ उघडा. बऱ्याच कुंडी-प्रयोगांत माती वाळवून, कुटून, 2 मिमीच्या चाळणीतून काढतात. मग पाण्यात ठेवतात आणि शेवटी कंपोस्टने ‘सुधारणा’ दाखवतात. अहो, पण रानात बिघडते ती मातीची घडण! ती तर चाळतानाच मोडली. नत्राचं काय होतं हे असा प्रयोग बरंच सांगतो. निचरा आणि घट्टपणा याबद्दल जवळजवळ काहीच नाही.

मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या जमिनीत आणखी एक गोची आहे. तिच्यातली स्मेक्टाइट चिकणमाती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि भेगांतून हवा पुन्हा खाली जाते. म्हणजे थोडी दुरुस्ती जमीन आपली आपणच करते. शेजारी काहीच न केलेला प्लॉट नसेल, तर श्रेय कंपोस्टला द्यायचं की उन्हाला? (वाफसा येण्याआधी ट्रॅक्टर घातलेला प्लॉटही हवाच, रान खरं तिथं दाबलं जातं.) अशा पेपरवरून शिफारस निघाली, की एकरी खर्च शेतकऱ्याच्या माथी.

सिनॉप्सिस लिहिताना न चाळलेल्या मातीचे कोअर नमुने त्यात धरा, मार्गदर्शक वेळेचं कारण सांगतील तरीही.