अद्भुताकडून रम्याकडे : ‘कोझी फँटसी’च्या रूपबंधाचा विचार

इंग्रजीतील ‘रोमान्स’ या संज्ञेसाठी मराठी समीक्षेने ‘अद्भुतरम्य’ हा सामासिक शब्द रूढ केला, तेव्हा दोन भिन्न अनुभव एकाच पदात बांधले गेले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांचे वर्णन करण्यास हा शब्द पुरेसा होता. कारण या कादंबऱ्यांत अद्भुत हेच रम्यतेचे साधन होते. संकटे, योगायोग आणि वियोग यांच्या मालिकेतून वाचक अखेरच्या मीलनापर्यंत पोहोचे. इंग्रजी लोकप्रिय साहित्यात अलीकडे ‘कोझी फँटसी’ या नावाने स्थिरावलेला उपप्रकार मात्र हा समास सोडवून पाहण्यास भाग पाडतो. येथे राक्षसकुळातील स्त्री आहे, चेटकिणी आहेत, यंत्रमानव आहे. परंतु या कशाचेही कोणाला नवल वाटत नाही. विस्मय हा अद्भुताचा स्थायी भाव मानला, तर ज्या अद्भुतकथेतून विस्मयच हद्दपार झाला आहे तिची रम्यता कशावर उभी आहे, असा प्रश्न उपस्थित होतो.

या साहित्याविषयी दोन सोपे निर्णय उपलब्ध आहेत. पहिला निर्णय त्याला पलायनवादी ठरवून बाजूला सारण्याचा. जे. आर. आर. टॉल्किन यांनी परीकथांविषयीच्या १९३९च्या व्याख्यानात बंदिवानाची सुटका आणि पळपुट्या सैनिकाचे पलायन यांत जो भेद केला, तो ध्यानात घेतल्यास हा निर्णय घाईचा ठरतो. दुसरा निर्णय वाचकाला मिळणाऱ्या दिलाशालाच वाङ्मयीन मूल्य मानण्याचा. जॅनिस रॅडवे यांच्या ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या अभ्यासाचा आधार त्यासाठी घेतला जातो. परंतु रॅडवे यांचे प्रतिपादन अधिक सूक्ष्म आहे. अमेरिकेतील वाचक स्त्रियांच्या संदर्भात त्यांनी वाचनाची कृती आणि वाचलेली संहिता यांत फरक केला. घरच्या कामातून स्वतःसाठी वेळ काढून घेण्याची कृती प्रतिकाराची असू शकते. त्या वेळात वाचलेली कथा मात्र प्रस्थापित कुटुंबव्यवस्थेचेच समर्थन करीत असू शकते. म्हणून दिलाशाचे मूल्यमापन करावयाचे तर तो संहितेत कोणत्या मार्गाने आणि कशाच्या मोबदल्यात निर्माण होतो, हे पाहिले पाहिजे.

ट्रॅव्हिस बाल्ड्री यांची ‘लेजंड्स अँड लॅटेज’ (२०२२) ही कादंबरी या दृष्टीने नमुनेदार आहे. अनेक वर्षे तलवारीवर पोट भरलेली विव्ह ही ऑर्क स्त्री शेवटची शिकार करून ते जीवन सोडते आणि थून या नगरात कॉफीचे दुकान थाटते. वीरकथा जेथे संपते तेथे ही कादंबरी सुरू होते. थूनमधील लोकांना ऑर्क किंवा सकबस परिचित आहेत. अपरिचित आहे ती कॉफी. पहिला घोट, दालचिनीच्या गोड पावाचा वास, बसण्याची बाके यांच्याभोवती सारा विस्मय एकवटलेला आहे. व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांनी १९१७मध्ये मांडलेल्या अपरिचितीकरणाच्या तत्त्वाचा हा एक विलक्षण आविष्कार होय : अद्भुत परिचित करून टाकल्यामुळे परिचित तेच अद्भुत होते. विस्मय नाहीसा झालेला नाही, त्याचा आलंबनविभाव बदललेला आहे. या उपप्रकाराचे खरे वाङ्मयीन बळ येथे आहे.

प्रेमकथेच्या अंगाने पाहता आणखी एक स्थलांतर दिसते. पामेला रेजिस यांनी ‘अ नॅचरल हिस्टरी ऑफ द रोमान्स नॉव्हेल’ (२००३) या ग्रंथात प्रेमकादंबरीचे आठ आवश्यक घटक सांगितले. मीलनाच्या आड येणारा अडसर आणि मीलन अशक्यच वाटावे असा ‘विधिरूप मृत्यू’चा क्षण हे त्यांतील दोन. विव्ह आणि तिची सहकारी टँड्री यांच्या प्रेमात असा अडसर जवळजवळ नाही. दोघींच्या संकोचापलीकडे त्यांना काही अडवीत नाही. विधिरूप मृत्यू मात्र आहे, आणि तो दुकानाचा आहे : विव्हचा जुना साथीदार फेनस दुकानाला आग लावतो. सारे उद्ध्वस्त होते, आणि स्नेह्यांच्या साहाय्याने ते पुन्हा उभे राहते. प्रेमकथेचा सांगाडा दुकानाला दिलेला असून टँड्री ही त्या मीलनाची साक्षीदार ठरते. या कादंबरीची खरी प्रेयसी म्हणजे ती जागा होय. कोझी फँटसीतील प्रेमकथा अनेकदा निस्तेज का वाटते, याचे उत्तर लेखकाच्या उणिवेपेक्षा या रचनातत्त्वात शोधावे लागते.

परंतु याच ठिकाणी दिलाशाची किंमत विचारावी लागते. दुकानाचे भांडवल विव्हच्या रक्तलांछित कमाईतून आले आहे. तलवार भिंतीवर टांगली जाते आणि शोभेची वस्तू बनते. नगरातील संरक्षणखंडणीचा प्रश्न अखेर भाजलेल्या पदार्थांच्या नियमित भेटीवर मिटतो. ही तडजोड विनोदी आणि सुखद आहे. परंतु खंडणी नाहीशी झालेली नसून तिला केवळ चव आली आहे. विव्हने हिंसा नाकारणे हा कादंबरीतील नैतिक निर्णय खराच. मात्र ज्या व्यवस्थेत दुकाने खंडणी देतात, त्या व्यवस्थेविषयी कादंबरी मौन पाळते. श्रमाचा आनंद ती तपशीलाने रंगविते, श्रमाचा शीण तिला फारसा दिसत नाही.

टी. जे. क्लून यांच्या ‘द हाउस इन द सेरुलियन सी’ (२०२०) या कादंबरीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. जादुई मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यातील लायनस बेकर हा चाळिशीचा, नियमपुस्तकाला चिकटून राहणारा कर्मचारी एका बेटावरील अनाथालयाच्या तपासणीस जातो आणि तेथील सहा मुलांत व त्यांचा पालक आर्थर याच्यात गुंतत जातो. कार्यालयीन भाषेत लिहिलेले त्याचे अहवाल हळूहळू मायेच्या भाषेकडे सरकतात. हा भाषिक प्रवास कादंबरीतील सर्वांत सरस भाग आहे. क्लून यांनी कादंबरीच्या प्रेरणेविषयी लिहिताना कॅनडातील ‘सिक्स्टीज स्कूप’चा उल्लेख केला, आणि त्यावरून वाद झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील आदिवासी समाजातील हजारो मुले कुटुंबांपासून तोडून प्रामुख्याने गोऱ्या कुटुंबांत वाढविली गेली, हा त्या संज्ञेमागील इतिहास आहे.

लेखकाच्या प्रेरणेवरून संहितेचा निवाडा करणे गैर होय. तथापि संहितेतच एक अनुपस्थिती आहे : मुलांचे मूळ आईबाप आणि त्यांचे समाज जवळजवळ कोठेच बोलत नाहीत. करुणा आहे, ती तपासनिसाच्या हृदयपरिवर्तनाची. अखेर अहवाल मान्य होतो आणि घर वाचते. ‘समव्हेअर बियाँड द सी’ (२०२४) या उत्तरार्धात आर्थरला शासनापुढे साक्ष द्यावी लागते. पहिल्या कादंबरीने मिटवलेला प्रश्न मिटलेला नव्हता, याचीच ही कबुली म्हणता येईल.

उबदारपणा आणि प्रश्न यांचे वैर अपरिहार्य आहे काय? संगू मंदण्णा यांची ‘द व्हेरी सिक्रेट सोसायटी ऑफ इरेग्युलर विचेस’ (२०२२) तसे मानीत नाही. भारतात जन्मून इंग्लंडमध्ये वाढलेली अनाथ चेटकीण मीका मून तीन मुलींना जादू शिकविण्यासाठी एका घरात येते. येथे अडसर आतला आहे : उपयोग संपला की आपणही नकोसे होतो, हा तिला अनुभवाने शिकविलेला धडा. ज्या घराने तिला आपले म्हटले, त्याच घराने तिच्यापासून एक महत्त्वाची गोष्ट लपविलेली असते, तेव्हा विधिरूप मृत्यू इमारतीचा न राहता विश्वासाचा होतो. त्यामुळेच मीका आणि ग्रंथपाल जेमी यांच्या प्रेमकथेला वजन येते.

बेकी चेंबर्स यांची ‘अ साम फॉर द वाइल्ड-बिल्ट’ (२०२१) ही लघुकादंबरी त्याही पुढे जाते. डेक्स हे गावोगाव फिरून लोकांना चहा पाजणारे, त्यांचे ऐकून घेणारे भिक्षुपात्र आहे. दिलासा देणे हाच त्याचा व्यवसाय. पांगा या चंद्रावरील समाजाने अन्न, निवारा, निसर्ग यांचे प्रश्न बव्हंशी सोडविलेले आहेत. तरीही डेक्स अस्वस्थ आहे, आणि ही अस्वस्थता कृतघ्नपणाची वाटते म्हणून अधिकच अस्वस्थ आहे. माणसांना काय हवे आहे, हे विचारण्यासाठी आलेल्या मॉस्कॅप या यंत्रमानवाच्या भेटीने या अस्वस्थतेला शब्द मिळतात, उत्तर मिळत नाही. उबदारपणा जेथे शेवटी मिळणारे बक्षीस असतो, तेथे कथा बंद होते; चेंबर्स यांनी त्याला गृहीतक केल्यामुळे कथा तेथून उघडते.

यावरून या उपप्रकारापुरता एक निकष सुचविता येतो. संकटे किती सौम्य आहेत, यावर त्याचे मूल्य ठरत नाही. टॉल्किन यांना अभिप्रेत असलेल्या सांत्वनातही दुःखाची आणि अपयशाची शक्यता नाकारलेली नव्हती. तीच आनंदाला अर्थ देत होती. घराचे दार बंद करून ऊब मिळविणारी कथा आणि दार उघडे असतानाही ऊब टिकते का हे पाहणारी कथा, या दोहोंत समीक्षेने भेद केला पाहिजे. पहिलीतील रम्यता सजावटीची असते. दुसरीत मात्र अद्भुताने माघार घेतलेली नसते. एकमेकांवर विसंबणे ही साधी गोष्ट तेथे नवलाची ठरते, आणि ‘अद्भुतरम्य’ हा जुना समास पुन्हा सार्थ होतो.